आणखी मोठा मॉनिटर

दोष माझ्या डोळ्यांत आहे की मॉनिटरमध्ये, या एका प्रश्नावर आमच्या घरात सात महिने वाद चालला. बाबांनी पहिल्या दिवशीच मॉनिटरला दोषी ठरवलं होतं. आई कुणाच्याच बाजूने नव्हती, ती नुसती डोळ्याला पदर लावून बसायची. माझं म्हणाल तर मलाही मनातून मॉनिटरच दोषी हवा होता, कारण मॉनिटर बदलून आणता येतो. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना, आम्ही खरोखरच अंगण बदलून पाहिलं, तेही तीन वेळा.

दोन हजार दहा-अकराची गोष्ट. मी सव्वीस वर्षांची होते, गोंदियात आईबाबांजवळ राहत होते आणि नागपूरच्या एका छापखान्यासाठी घरबसल्या पुस्तकाची पानं लावत होते. पानं लावायची म्हणजे टाइप केलेला मजकूर घेऊन तो पुस्तकाच्या आकारात बसवायचा, मथळे, चित्रं, नकाशे, पानांचे आकडे जागच्या जागी ठेवायचे आणि सगळं मेलने पाठवून द्यायचं. बहुतेक शाळेची गाइडंच असायची, पण ती पुस्तकंच ना शेवटी. गोंदियात बसून मी पुस्तकं तयार करते, हे सांगताना माझी मान जरा ताठ व्हायची. मला बघायला येणाऱ्या पाहुण्यांना बाबा चहाच्या आधी माझा लॅपटॉप दाखवत आणि मग मला बोलावत.

त्या वर्षी लॅपटॉपवरची अक्षरं हरवायला लागली. धूसर झाली असं नाही. ज्या अक्षराकडे मी बघत असे ते अगदी स्वच्छ दिसे, त्याच्या वेलांटीचा शेवटचा बाक सुद्धा. पण ओळ संपली की पुढची ओळ सापडत नसे. माउसचा बाण तर सारखा नाहीसा व्हायचा. मग मी एक युक्ती काढली. की-बोर्डवरचं एकच अक्षर दाबून धरायचं, बहुधा ‘क’. स्क्रीनवर ककककक अशी काळी रांग उमटत जाई. ती रांग डोळ्यांनी शोधून काढायची, म्हणजे आपण कुठे आहोत ते कळतं, आणि मग ती पुसून टाकायची. दिवसातून शंभरदा मी हे करत असे आणि स्वतःला हुशार समजत असे.

घरातही वस्तू माझ्या आडव्या यायला लागल्या होत्या. बादल्या, पाट, दाराच्या चौकटी, शेजारची रांगणारी पोरं. बादली कुठे ठेवावी याची कुणाला अक्कलच नाही, म्हणून मी आईवर ओरडत असे. दिवेलागणीनंतर मी घराबाहेर पडणं सोडून दिलं होतं. आमच्याकडे एखादी मुलगी दिवेलागणीनंतर घराबाहेर पडत नसेल तर तिला कुणी कारण विचारत नाही, उलट कौतुक करतात. माझंही झालं.

शेवटी एक दिवस काम वेळेत होईना, तेव्हा मी जेवताना बाबांना सांगितलं की मला ओळी सापडत नाहीत.

बाबा मालगाडीचे गार्ड होते, वर्षभरापूर्वी निवृत्त झालेले. रेल्वेत गाडीवरच्या माणसाला ठरावीक वर्षांनी मेडिकल द्यावी लागते आणि त्यात डोळ्यांचा तक्ता असतो. तक्ता वाचला तर माणूस गाडीवर, नाही वाचला तर कुठल्या तरी कोपऱ्यातल्या टेबलावर. बाबा कशालाच भीत नसत, फक्त त्या तक्त्याला भीत. म्हणून त्यांनी कुठूनसा एक जुना तक्ता मिळवून घरातच लावला होता. स्वयंपाकघराच्या दाराशेजारी तक्ता, आणि तिथून टेपने मोजून वीस फुटांवर, ओसरीच्या फरशीवर, लाल ऑइलपेंटची रेघ. दर बुद्धपौर्णिमेला विहारातून आल्यावर, खीर खाण्याआधी, घरातल्या सगळ्यांनी त्या रेघेवर उभं राहून एकेक डोळा झाकायचा आणि तक्ता वाचायचा, अशी आमच्या घरची रीत होती. पाहुणे असले तर पाहुण्यांचीही सुटका नसे. मी लहानपणापासून शेवटची ओळ वाचत आले होते.

त्या दिवशी जेवणाचं ताट तसंच ठेवून बाबांनी मला रेघेवर उभं केलं. उजवा डोळा झाकला, सगळा तक्ता वाचला. डावा झाकला, पुन्हा सगळा वाचला. पाठ असेल म्हणून त्यांनी शेवटची ओळ उलटीकडून विचारली, तीही बरोबर आली.

“सहा बाय सहा!” बाबा एवढ्या जोरात ओरडले की आई पोळी तव्यावर टाकून बाहेर आली. “तुहे डोळे तर माह्यापेक्षा तेज हायेत, बाई. हे तुही मशीन बारकी हाये. एवढ्याशा स्क्रीनवर कोणाले दिसते? मोठा मॉनिटर लावू.”

रेल्वेच्या घरात सहा बाय सहाच्या पुढे अपील नसतं. मला इतकं हलकं वाटलं की मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

पहिला मॉनिटर जुना होता, बंद पडलेल्या एका कॉम्प्युटर क्लासमधला, सतरा इंची, मागे मोठं कुबड असलेला. सायकलरिक्षात त्याला मांडीवर घेऊन बाबा घरी आले. निळ्या डोक्याची केबल लॅपटॉपच्या कडेला खोचायची आणि दोन्ही बाजूंचे स्क्रू फिरवायचे, एवढंच काम होतं. बाबांनी ते स्क्रू पेचकसाने आवळले, पुन्हा तपासले, परत आवळले. कपलिंग ढिली राहिली तर गाडी मागं सुटते, असं ते मला समजावत होते. मी कोपऱ्यातलं एक बटण आणि वरच्या रांगेतलं एक बटण एकत्र दाबलं. मॉनिटर कुरकुरला, काळा झाला, आणि मग लॅपटॉपवरचं सगळं तिथेही दिसू लागलं.

“दिसून राहिलं?”

“हो, बाबा.”

दिसत होतंच. अक्षरं मोठी होती. पण ओळ लांब झाली होती, आणि तिच्या शेवटापर्यंत पोचेस्तोवर सुरुवात माझ्या हातून निसटत होती. मी अक्षरं आणखी मोठी केली, तर एका वेळी दोनच शब्द नजरेत मावायला लागले. एवढी मोठी अक्षरं आणि मला वाचायला पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ लागत होता. हे कसं होऊ शकतं ते माझ्या डोक्यात शिरेना. मॉनिटर जुना आहे, त्याची काच गेली आहे, असं मी ठरवून टाकलं. बाबांनी ते लगेच मानलं.

दुसरा नवाकोरा होता. चपटा, बावीस इंची. तो ऑटोतून आला. बाबा त्या ऑटोवाल्याला वाटभर खड्डे चुकवायला सांगत आले असणार, कारण दारात ऑटोवाला त्यांच्यावर वैतागलेलाच होता. बाबांनी खोकं ब्लेडने न कापता चिकटपट्टी नखाने सोडवून उघडलं. आईने टेबल ओल्या फडक्याने पुसलं. लॅपटॉप आता डावीकडे स्टुलावर गेला, आणि मधोमध, एखाद्या साहेबाने बसावं तसा, हा बसला. केबल लावली. मी बटण दाबलं, काही दिसेना म्हणून पुन्हा दाबलं, पुन्हा एकदा दाबलं. मॉनिटर उजळला. निळा रंग आला. बाबा दुकानदाराकडे वॉरंटीच्या कागदावर शिक्का घ्यायला गेले आणि मी कामाला बसले.

आणि मला काही दिसेना.

निळा रंग दिसत होता. टोकापासून टोकापर्यंत नुसता निळा. रोज जी चिन्हं असतात, फोल्डर असतात, खालची पट्टी असते, त्यातलं एकही नाही. मान वळवून स्टुलावरच्या लॅपटॉपकडे पाहिलं तर तिथे सगळं जागेवर होतं. पुन्हा मोठ्याकडे पाहिलं, निळं. लॅपटॉपवर बाण पकडून मी तो हलवला, तर तोही उजवीकडे सरकत गेला आणि कडेवरून नाहीसा झाला. मी ‘क’ दाबून धरला. कुठेच काही उमटलं नाही.

तेव्हा माझ्या मनात जे आलं ते असं, की झालं, आता मोठं सुद्धा दिसेनासं झालं.

आज कुणालाही हसू येईल. आईला हाक मारून विचारलं असतं, आई, तुला इथे चिन्हं दिसतात का, तर एका मिनिटात उलगडा झाला असता. पण मी विचारलं नाही. ती “हो, दिसतात ना” म्हणाली असती तर? तेवढ्या एका भीतीने मी चार दिवस गप्प राहिले. बाबा आले की मी मोठ्या मॉनिटरकडे तोंड करून बोटं चालवायचे आणि ते गेले की स्टुलाकडे वाकून लॅपटॉपवर खरं काम करायचे. मान आखडली. जेवण जाईना. छापखान्याने भूगोलाचं गाइड आठवड्यात मागितलं होतं, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. मी रात्री झोपताना डोळ्यांसमोर हात धरून बोटं मोजायचे आणि सकाळी उठल्या उठल्या पुन्हा मोजायचे. इतकी भीती मला आयुष्यात त्याआधी कधी वाटली नव्हती. आंधळी होऊन मी काय करू, कोण मला बघेल, आईबाबांनंतर कुणाच्या दारात बसू, हेच चक्र दिवसभर डोक्यात फिरायचं.

पाचव्या दिवशी बाबा न सांगता खोलीत आले आणि मी टेबलावर डोकं ठेवून रडत असताना सापडले.

“कायले रडून राहिली?”

“बाबा, मला या मॉनिटरवर काहीच दिसत नाही. नुसतं निळं दिसतं.”

बाबा चष्मा लावून वाकले. एकदा मॉनिटरकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

“मलेबी नाई दिसत,” ते म्हणाले. “निळाच तर हाये तो.”

मी त्यांच्या कमरेला मिठी मारली. मला आठवतं, त्यांच्या शर्टाला तंबाखूचा आणि इस्त्रीचा वास येत होता, आणि मी हसत होते की रडत होते ते मलाच कळत नव्हतं. बाबांनाही दिसत नाही! यापेक्षा गोड वाक्य मी आजवर ऐकलेलं नाही.

बाजारातला कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस तासाभरात आला. हिंदी बोलणारा, सतत घाईत असलेला. त्याने खुर्चीवर न बसताच दोन बटणं दाबून पाहिली.

“अरे मॅडम, ये तो एक्सटेंड में चला गया है. दोनों स्क्रीन जोड के एक लंबी स्क्रीन बन गई. आपका सब सामान लॅपटॉप पे है, और ये बाजू का खाली मैदान है. माउस इधर से निकल के उधर चला जाता है, बस.”

म्हणजे मी बटण एकदा जास्त दाबलं होतं, एवढंच. बाबांना हे कळायला दोन मिनिटं लागली आणि कळल्यावर ते असे हसले की खोकला लागला. “काखेत कळसा अन् गावाले वळसा! चार दिवस पोरगी रडून राहिली, अन् सामान बाजूच्या डब्यात!” त्यांनी त्या माणसाला बसवलं, आईला चहा टाकायला सांगितलं आणि स्वतः चौकात समोसे आणायला निघून गेले.

त्या माणसाने सेटिंग बदललं. निळं गेलं, माझी चिन्हं आली, फोल्डर आले.

“देखिए मॅडम, अब दोनों पे सेम. और ये रहा आपका कर्सर.” तो माउस हलवत होता.

मी बघत होते. फोल्डर दिसत होते. एकेक करून सगळे दिसत होते.

“कुठे?” मी विचारलं.

“ये क्या, सामने. मैं घुमा रहा हूं ना.”

मी वर बघितलं, खाली बघितलं. त्याचा माउस टेबलावर घासल्याचा आवाज येत होता, त्याअर्थी बाण फिरतच होता. तेवढ्यात फाटक वाजलं. बाबा समोसे घेऊन आले होते, कागदातल्या समोशांचा वास खोलीत आधी आला.

“हां हां,” मी म्हणाले. “दिसला. दिसला.”

मग आम्ही तिघांनी समोसे खाल्ले. बाबांनी तो किस्सा शेजारच्यांना, दूधवाल्याला आणि विहारातल्या मंडळींना सांगितला. दर वेळी मीही हसले. इतकी वाईट मी स्वतःच्या घरात कधी वागले नव्हते. पण ज्या माणसाला आपण नुकतंच इतकं सुखी केलं, त्याच्या हातातला समोसा खाली ठेवायला लावायचं धैर्य माझ्यात नव्हतं.

नंतरचा प्रकार माझा एकटीचा. आईबाबा दोघंही बाहेर गेले की मी लॅपटॉप उचलून हॉलमध्ये नेत असे आणि टीव्हीला जोडत असे. बत्तीस इंची टीव्ही, आईच्या मालिकांचा. त्यासाठी वेगळी वायर लागते, ती मी गुपचूप बाजारातून आणली होती. बावीसवर होत नाही तर बत्तीसवर होईल, असा माझा हिशेब. देव न मानणाऱ्या घरातली मुलगी मी, पण ती वायर खोचताना मी काहीतरी पुटपुटत असे. टीव्हीवर एक अक्षर माझ्या तळहाताएवढं दिसे. आणि फक्त एकच अक्षर दिसे. पुढचं बघायला मान हलवावी लागे, तोवर मागचं गेलेलं असे. मी तिथे खाली फरशीवर बसून माझीच लावलेली पानं एकेक अक्षर करून वाचायचा प्रयत्न करत असे, आणि आईची चप्पल अंगणात वाजली की वायर उपटून काढत असे.

भूगोलाचं गाइड मी दिलं. ते छापून झालं, आणि छापखान्यातून फोन आला. मालक एरवी मला ताई म्हणत.

“मॅडम, नद्यांच्या नकाशावर हे काय आहे? कोपऱ्यात ककककक, अर्धी ओळ भरून. एकदा नाही, चार पानांवर आहे. डोळे मिटून पानं लावता काय तुम्ही?”

त्यांनी काही वाईट मनात ठेवून म्हटलं नव्हतं. रागावलेला माणूस असंच बोलतो. मी माफी मागितली, दोनदा मागितली. पुढचं काम सध्या पाठवू नका, असंही मीच म्हणाले, म्हणजे त्यांना ते म्हणावं लागू नये. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात गेले, वाटेत बादलीला अडखळले, आणि या वेळी आईवर ओरडले नाही. तिला सगळं सांगितलं. बाणाचं, टीव्हीचं, खोटं बोलल्याचं. आईने बादली उचलून कोपऱ्यात सरकवली. मग म्हणाली, “मले माईत होतं. तू भिंतीले हात लावून चालतेस.”

बाबांना आईने सांगितलं. ते माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी पासावर नागपूरची तिकिटं काढून आणली.

नागपूरच्या डोळ्यांच्या दवाखान्यातही आधी तक्ताच होता. मी सगळा वाचला. बाबांनी डॉक्टरांकडे असं पाहिलं की, घ्या, आता बोला. डॉक्टर चांगल्या होत्या, वयाने मोठ्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी डोळ्यांत थेंब टाकले, आत बघितलं आणि मला एका अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या घुमटासमोर बसवलं. हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्याकडे बघायचं आणि आजूबाजूला कुठेही उजेडाचा कण चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी बटण घट्ट धरून बसले होते. ते यंत्र बराच वेळ टकटक आवाज करत होतं. मी फार थोड्या वेळा बटण दाबलं. मला वाटलं मशीन हळू चालतं आहे.

बाहेर आल्यावर डॉक्टरांनी सांगितलं. मधली नजर शाबूत आहे, म्हणून तक्ता वाचता येतो. बाजूची नजर बरीच गेली आहे, आणि कडांकडून मधे सरकत सरकत उरलेलीही जात राहील. किती वर्षांत ते सांगता येत नाही. औषध नाही.

“आणि मोठा मॉनिटर वापरू नका,” त्या म्हणाल्या. “तो तुमच्या कामाचा नाही. स्क्रीन जितका मोठा, तितका तुमच्या नजरेच्या बाहेर जाणार. लहान घ्या, आणि थोडा लांब ठेवा.”

मी बाबांकडे वळून पाहिलं. ते कागदाच्या पिशवीची कड दुमडत होते.

मग डॉक्टरांनी लिहिता लिहिता विचारलं, “आईवडिलांचं लग्न नात्यात झालंय का?”

आमच्या घरात हा अभिमानाचा विषय होता. आजीने आपल्या भावाजवळ शब्द टाकला होता आणि भावाने तो पाळला, ही गोष्ट प्रत्येक लग्नकार्यात सांगितली जाई. बाबा ती रंगवून सांगत. मामाची पोरगी हक्काची, असं म्हणून आईकडे बघत.

“मामाची पोरगी केली मी,” बाबा म्हणाले. आवाज इतका लहान की डॉक्टरांना पुन्हा विचारावं लागलं.

“रक्तातून येतो हा आजार. कुणाचा दोष नसतो हो यात,” त्या म्हणाल्या आणि तेही लिहून घेतलं.

परतीच्या गाडीत बाबा खिडकीशी बसले. तीस वर्षं ते याच लाइनवर मागच्या डब्यात बसून फिरले होते, एरवी स्टेशनागणिक एक किस्सा निघे. तुमसर रोड एकाही किश्शाशिवाय गेलं. तिरोड्याजवळ वीजप्रकल्पाच्या चिमण्या दिसायला लागल्या, तेव्हा ते एकदम माझ्याकडे वळले.

“त्या चिमण्या दिसून राहिल्या तुले?”

“दिसतात.”

“किती?”

मी मोजून सांगितल्या. त्यांनी स्वतः मोजल्या आणि मांडीवर थाप मारली. “इतक्या दुरून दिसते, अन् म्हणे नजर गेली! पोरगीले एवढ्या दुरचं दिसून राहिलं!” समोरच्या बाकावरच्या माणसालाही त्यांनी हे ऐकवलं. त्याच वेळी चहावाला माझ्यासमोर कप धरून उभा होता म्हणे, आणि मी हात पुढे केला नाही म्हणून कंटाळून निघून गेला. हे मला त्या समोरच्या माणसानेच सांगितलं. बाबांनी ऐकलं नसल्यासारखं केलं.

मला त्यांची दया येत होती आणि त्यांचा संतापही येत होता. माझी नजर जाते आहे आणि हा माणूस अजून खटला लढवतो आहे. पण खटला संपला तर त्यांच्या वाट्याला काय उरणार होतं, हेही मला समजत होतं. मॉनिटर निर्दोष सुटला असता तर आरोपीच्या पिंजऱ्यात त्यांना स्वतःलाच उभं राहावं लागलं असतं, आईला बरोबर घेऊन.

घरी आईने दारातच विचारलं, “अजी, काय म्हणाले डॉक्टर?”

“काई नाई. त्याइची मशीन बरोबर नाई. मीच पाहतो उद्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास बाबांनी मला हाक मारली. आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते तयार होते. बावीस इंची मॉनिटर त्यांनी लावून ठेवला होता. त्यावर मला कोरं पांढरं पान उघडायला लावलं आणि बरोबर मधोमध एकच अक्षर टाइप करायला सांगितलं. मग मला खुर्चीत बसवलं, खुर्ची टेबलाशी सरळ केली आणि ते माझ्या मागे उभे राहिले.

“हे पाय, बाई. मधातल्या अक्षरावर नजर ठेव. हलवायची नाई. मी काचेवरून बोट आणतो. कडेपासून सुरू करतो, मधात आणत जातो. दिसलं का सांग. डॉक्टर-बिक्टर काई नाई, तू अन् मी.”

“बरं.”

“घाई नको करू.”

“नाही करत.”

मी अक्षराकडे बघत बसले. मला खात्री होती. पांढरं पान, सकाळचा उजेड, बाबांचं जाडजूड, नख तुटलेलं बोट, ते न दिसायला काय झालं? आई दारात येऊन उभी राहिली असावी, बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. लाइनवरून एक मालगाडी जायला लागली. तिचा आवाज संपेपर्यंत बाबा थांबले असतील, असं मला वाटलं. गाडी गेली. मी वाट बघत होते. अक्षर तसंच काळं, स्वच्छ दिसत होतं, आणि त्याच्याभोवती पांढरं. बाबांचा श्वास माझ्या कानाजवळ ऐकू येत होता. एवढा वेळ कशाला लावतात, मी मनात म्हणाले. माझे डोळे पाणावायला लागले होते, पण मी पापणी हलवली नाही.

“बाबा, करा ना सुरू,” मी म्हणाले.

दारात बांगड्या पुन्हा वाजल्या.

“केव्हाचा करून राहिलो, बाई.”